घाई कुणाची, घात कुणाचा?

मे महिना आला की गोमंतकाला दोन गोष्टींची चाहूल लागते. एक मानकुराद आंब्याची आणि दुसरी पावसाची. २०२१ सालापासून या महिन्याला तिसरी एक आठवण कायमची चिकटली आहे. त्या वर्षीच्या ११ मे रोजी, पहाटे दोन ते सहा या चार तासांत, बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात २६ कोविडग्रस्त रुग्ण दगावले. हा आकडा कुणा विरोधकाने उठवलेली आवई नव्हती. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच तो जाहीर केला आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी, अशी मागणीही केली. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी इस्पितळाला भेट दिली व प्राणवायूचा तुटवडा नाही, तो रुग्णापर्यंत वेळेवर पोचण्यात अडचण आहे, असा निर्वाळा दिला. एकाच मंत्रिमंडळातील दोन जबाबदार व्यक्तींची ही दोन निवेदने. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांनी यांतले कोणते खरे मानावे?

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठापुढे सरकारने ही 'अडचण' जेव्हा उलगडून सांगितली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. प्राणवायूच्या सिलिंडरांनी भरलेल्या ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून आणाव्या लागत, तो ट्रॅक्टर अरुंद जागेत वळवावा लागे, रिकामी ट्रॉली सोडवून भरलेली जोडावी लागे आणि तेवढ्या वेळात नळ्यांतील दाब उतरे. अंथरुणाला खिळलेला माणूस एकेका श्वासासाठी झगडत असताना त्याचे जगणे-मरणे ट्रॅक्टरच्या वळणावर अवलंबून असावे, ही विसाव्या शतकाच्या आरंभीची नव्हे, २०२१ सालची गोष्ट आहे. पुढे काही दिवसांतच इस्पितळाच्या आवारात वीस हजार लिटर क्षमतेची द्रवरूप प्राणवायूची टाकी उभी राहिली. जी टाकी मे महिन्यात काही दिवसांत उभी राहू शकली, ती आधीच्या डिसेंबरात का उभी राहिली नाही? आज आम्ही जो विषय हाती घेतला आहे त्याचे मर्म या एका प्रश्नात आहे.

साथ पूर्ण ओसरण्यापूर्वी व्यवहार खुले करावेत की नाही, हा वाद त्या दोन वर्षांत जगभर झाला. गोव्यात तो गावच्या तिठ्यावर झाला, मासळीबाजारात झाला, पंचायतीच्या ग्रामसभेत झाला आणि कदंबच्या बसथांब्यावरही झाला. सामान्य माणूस तेव्हा एकच गोष्ट विचारत होता: दार उघडता आहात, पण आत येणाऱ्याची तपासणी करण्याची आणि आजारी पडणाऱ्याला सांभाळण्याची तयारी केली आहे काय? या विचारण्याला राज्यकर्त्यांनी 'घबराट' असे नाव दिले. काळाने ती घबराट नव्हती, ते शहाणपण होते, असे सिद्ध केले. मात्र त्याची किंमत शहाण्यांनीच मोजली.

घटनाक्रम एकदा स्वच्छपणे आठवावा, कारण आपल्या सार्वजनिक जीवनात विस्मरण हे राज्यकर्त्यांचे सर्वांत मोठे कवच असते. २५ मार्च २०२० रोजी गोव्यात पहिले तीन रुग्ण आढळले. त्यांची संख्या सातवर थांबली आणि १९ एप्रिल रोजी सातही जण बरे झाल्याचे जाहीर झाले. १ मेपासून गोव्याचे तेव्हाचे दोन्ही जिल्हे केंद्राच्या यादीत 'हरित' ठरले. सरकारने पाठ थोपटून घेतली, आणि त्या वेळी ते अगदीच अनाठायी नव्हते. परंतु हरित हा शब्द आजच्या स्थितीचे वर्णन करतो, उद्याची हमी देत नाही, हे आम्ही सर्वांनीच विसरायचे ठरवले. मेच्या मध्यावर रस्त्याने आणि रेल्वेने ये-जा सुरू झाली, तशी साथही परतली. १ जूनला वास्कोचा मांगोर हिल परिसर प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला. २२ जूनला गोव्याने या रोगाचा पहिला बळी पाहिला.

आणि या पार्श्वभूमीवर, पहिल्या मृत्यूला दोन आठवडेही झाले नसताना, २ जुलैपासून गोव्याची दारे देशी पर्यटकांसाठी उघडण्यात आली. सुमारे अडीचशे हॉटेलांना परवानगी मिळाली. येणाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आतील चाचणीचा दाखला आणावा अथवा सीमेवर चाचणी करून घ्यावी, अशी अट होती. कागदावर ती वाजवीही होती. पण याच दिवसांत राज्यातील रुग्णसंख्या चढत होती. दोन आठवडे उलटतात न उलटतात तोच १७ ते १९ जुलै असे तीन दिवस संपूर्ण टाळेबंदी आणि १० ऑगस्टपर्यंत रात्रीची संचारबंदी पुकारण्याची पाळी त्याच सरकारवर आली. पाहुण्याला 'या' म्हणायचे आणि घरच्यांना 'बाहेर पडू नका' म्हणायचे, असा हा विचित्र यजमानधर्म झाला. ज्या निर्णयाची उलटगणती पंधरा दिवसांत सुरू होते, तो निर्णय अंदाज चुकल्यामुळे फसला असे म्हणता येत नाही. तो मुळात कोणत्याही मोजमापावर उभाच नव्हता.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस सीमेवरील चाचणीची अटही गेली. राज्यांनी आंतरराज्य वाहतूक अडवू नये, असा केंद्राचा आदेश होता, हे सरकारच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. दुसऱ्याच दिवशी खुद्द मुख्यमंत्री बाधित असल्याचे जाहीर झाले. यात उपहासाचे काही नाही. रोगाला पदाची पर्वा नसते एवढाच त्याचा अर्थ. पुढे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस मांडवीतले कॅसिनो पुन्हा उजळले, तर दहावी-बारावीचे वर्ग उघडायला त्यानंतर तीन आठवडे लागले. कोणते दार आधी उघडले आणि कोणते नंतर, यावरून राज्याची अग्रक्रमाची यादी वाचता येते. त्याच वर्षी गोमंतकीय हिंदूंनी आपली चतुर्थी आवरती घेतली. माटोळी बांधली, पण घरोघरच्या आरत्यांना घुमट घेऊन जाणारी मुले घरातच बसली. कित्येक घरांनी आणि मंडळांनी पाच-सात दिवसांचा गणपती दीड दिवसात पोचवला. ग्रामदेवतांच्या जत्रा देवळाच्या चार भिंतींत उरकल्या गेल्या. कितीतरी गावांनी आणि बाजारपेठांनी हुकमाची वाट न पाहता दुकाने बंद ठेवली. लोकांनी देवाशी असलेले व्यवहार आवरले, पण जुगाराच्या टेबलाचा व्यवहार आवरण्याचा धीर सरकारला झाला नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर आमच्याकडून अन्याय होईल. दारे बंद ठेवणे हे सर्वांना सारखे परवडत नव्हते. गोव्याची अर्थव्यवस्था साथ येण्यापूर्वीच जायबंदी होती. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर खाणी बंद पडल्या आणि डिचोली, सांगे, सत्तरीतील ट्रकवाल्यांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सर्वांच्या चुली मंदावल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधील थॉमस कूक ही कंपनी बुडाली आणि सनदी विमानांनी येणाऱ्या पर्यटकांचा मोठा आधार गेला. ज्या राज्याची लोकसंख्या सुमारे पंधरा लाख आणि जिथे २०१९ या एका वर्षात सुमारे ऐंशी लाख पर्यटक आले, तिथे पर्यटन थांबणे म्हणजे काय, हे टॅक्सीवाला, शॅकवाला, खोल्या भाड्याने देणारी विधवा आणि हॉटेलात भांडी घासणारा दोडामार्गचा पोर यांना विचारावे. मार्च २०२० च्या अखेरीस, किराणा दुकानेसुद्धा बंद ठेवण्याच्या अतिउत्साहात, घरात तांदूळ नाही म्हणून हवालदिल झालेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. सिंधुदुर्गातून रोज सीमा ओलांडून कामाला येणारे तरुण महिनोन् महिने घरी बसले. याच जिल्ह्यातील रुग्णांना बांबोळीचा आधार असतो, तोही दुरावला. 'सारे बंद करा' असे पेन्शनच्या भरवशावर म्हणणे सोपे असते.

तेव्हा आमचा आक्षेप व्यवहार खुले करण्याला नाही. पोटासाठी दार उघडावेच लागते. आक्षेप आहे तो उघडण्याच्या रीतीला. भुकेचे नाव पुढे करून जी घाई झाली, तिच्यातून भुकेल्याच्या पदरात काय पडले? टॅक्सीवाल्याला चार महिने तग धरता येईल एवढे साहाय्य वेळेवर दिले असते, तर त्याने स्वतःच 'थोडे थांबा' म्हटले असते. मदत द्यायची नाही आणि मग 'लोकांनाच व्यवहार सुरू हवे आहेत' असे सांगायचे, ही पळवाट झाली. घाई करणारे एक होते आणि तिचा घात सोसणारे दुसरेच. निर्णय घेणाऱ्यांसाठी खासगी इस्पितळातील खोली राखीव होती. मडगावच्या ईएसआय इस्पितळात आणि बांबोळीत जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर जे पडले, त्यांना कुणीही विचारून निर्णय घेतला नव्हता.

लोकांच्या मनातल्या भीतीचे गोडवे गाण्याचाही आमचा मनोदय नाही. भीती आणि काळजी या सख्ख्या बहिणी दिसल्या तरी त्यांचे स्वभाव वेगळे. मांगोर हिलच्या रहिवाशांकडे साऱ्या गोव्याने संशयाने पाहिले, परत येणाऱ्या खलाशांना त्यांच्याच गावात नाके मुरडली गेली, परप्रांतीय मजूर हाच रोग असल्यासारखी भाषा सुशिक्षितांच्या तोंडी आली. ही भीती होती, आणि तिच्याबद्दल आपण सर्वांनी खजील व्हावे. काळजी निराळी. ती माणसाकडे बोट दाखवत नाही, व्यवस्थेला प्रश्न विचारते. सुज्ञ सरकारने भीतीला आवर घालावा आणि काळजीला उत्तर द्यावे. आमच्या सरकारने दोहोंना एकाच पोत्यात बांधले आणि पोते अडगळीत टाकले.

आता त्या आठ महिन्यांकडे वळू. सप्टेंबर २०२० ते एप्रिल २०२१ हा काळ नियतीने दिलेली उसंत होती. पहिली लाट ओसरली होती, दुसरी यायची होती. राज्यसभेचे सभासद रामगोपाल यादव यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्येच अहवाल देऊन इस्पितळांतील खाटा आणि प्राणवायूचे उत्पादन यांबाबत सरकारला सावध केले होते. त्याच महिन्यात शेजारच्या महाराष्ट्राने गोव्याहून येणाऱ्यांना चाचणीचा दाखला सक्तीचा केला. गोव्याने मात्र महाराष्ट्रातून येणाऱ्याला काहीच विचारले नाही. डिसेंबरात जिल्हा पंचायतींच्या निवडणुका झाल्या, नाताळ आणि नववर्षाची गर्दी झाली, जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, फेब्रुवारीत कार्निव्हलची मिरवणूक निघाली, मार्चमध्ये पालिकांसाठी मतदान झाले. यातले एकेक कदाचित समर्थनीय ठरेल. पण या सगळ्या आनंदयात्रेत प्राणवायूच्या टाकीची आठवण कुणालाच झाली नाही, याचे समर्थन कसे करणार?

मग एप्रिल आला. २१ एप्रिलला रात्रीची संचारबंदी, २९ पासून चार दिवसांची टाळेबंदी, ९ मेपासून पुन्हा संचारबंदी, असे तुकड्यातुकड्यांचे आदेश निघाले. तोवर तपासलेल्या दर दोन माणसांमागे एक बाधित निघू लागला होता. तरीही पत्रादेवी, केरी, दोडामार्ग, मोले आणि पोळे या नाक्यांवरून विनादाखला प्रवेश चालूच होता. तो अखेर थांबवला तो सरकारने नव्हे, उच्च न्यायालयाने: १० मेपासून चाचणीच्या दाखल्याविना कुणालाही राज्यात घेऊ नये, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. प्रशासनाने करायचे काम न्यायमूर्तींना सांगावे लागणे ही लोकशाहीची शोभा नव्हे. या रोगाने गोव्यातील चार हजारांहून अधिक माणसे नेली. त्यांपैकी हजाराहून अधिक एकट्या मे २०२१ मध्ये गेली. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी जणू या प्रसंगासाठीच करून ठेवली होती.

हा धडा नवीन आहे असेही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबईत पहिली हजेरी लावली ती जूनमध्ये, आणि तुलनेने सौम्यपणे. ती ओसरली म्हणून सारे निश्चिंत झाले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेल्या दुसऱ्या लाटेने देशभर प्रेतांचे ढीग लावले. त्याच साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को या बंदराच्या शहराने २१ नोव्हेंबरला मुखपट्ट्यांची सक्ती समारंभपूर्वक उठवली. लोकांनी त्या रस्त्यावर भिरकावल्या. जानेवारी १९१९ मध्ये रुग्ण पुन्हा वाढले आणि सक्ती परत आणावी लागली, तेव्हा तिच्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. एकदा दिलेली सूट मागे घेणे हे मुळात सूट न देण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, हे शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकले होते. दूर कशाला जा? एकेकाळच्या वैभवशाली राजधानीचे काय झाले, हे जुन्या गोव्याच्या ओसाड वाटा सांगतात. एकामागून एक आलेल्या साथींनी ते शहर रिते केले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. साथीने राजधानी गमावलेला प्रदेश साथीच्या बाबतीत इतका विसराळू असावा, याचे नवल वाटते.

मग कमी काय पडले? आमच्या मते कमी पडली ती कसोटी. साथीसंबंधीचा आपला मूळ कायदा १८९७ सालचा. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या धामधुमीत इंग्रजांनी केलेला. त्यात सरकारला बंद करण्याचे, अडवण्याचे, तपासण्याचे अधिकार आहेत. परंतु बंद केलेले केव्हा आणि कोणत्या अटींवर उघडावे, याविषयी त्यात एक अक्षर नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात या कायद्यातील उणिवांवर बोट ठेवले आणि साथीच्या मुकाबल्याची आराखडेबद्ध तयारी असावी, असे सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेने तर एप्रिल २०२० मध्येच सहा कसोट्या सांगितल्या होत्या. संसर्ग आटोक्यात हवा, रुग्ण शोधून त्यांची सोय करण्याची क्षमता हवी, बाहेरून येणाऱ्या संसर्गावर नजर हवी, लोक समजून-उमजून सहभागी हवेत, असे त्यांचे स्वरूप होते. तपासलेल्यांपैकी बाधितांचे प्रमाण सलग दोन आठवडे पाच टक्क्यांखाली असावे, असा ढोबळ मापदंडही तिने पुढच्याच महिन्यात दिला. आमच्या दारात हे मापदंड कुणी लावून पाहिले, असे दिसत नाही. घराच्या ओसरीवर साधी दुधाची मापे तपासून घेणारी आपली गृहिणी सरकारपेक्षा काटेकोर म्हणायची.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. पुढची साथ केव्हा येईल हे कुणालाच सांगता येणार नाही; ती येणार नाही असे मात्र कुणीच सांगत नाही. राज्य विधानसभेने शांततेच्या काळातच कायद्याने काही गोष्टी ठरवाव्यात. व्यवहार खुले करण्याच्या कसोट्या आगाऊ छापलेल्या असाव्यात: बाधितांचे प्रमाण किती, रिकाम्या खाटा किती, प्राणवायूचा साठा किती दिवसांचा, हे आकडे रोज लोकांसमोर असावेत आणि त्या आकड्यांखेरीज दार उघडू नये. हा निर्णय करणाऱ्या मंडळात डॉक्टर असावेत, परिचारिका असाव्यात आणि त्यांचे मत लेखी नोंदवून प्रसिद्ध व्हावे, म्हणजे पुढे कुणी कुणावर ढकलू शकणार नाही. बंदच्या काळात रोजंदारीवाल्याला मिळणारे साहाय्य हा दानधर्म नसून साथ रोखण्याचाच भाग आहे, असे कायद्यानेच मानावे. आणि ग्रामपंचायतींना नुसते फलक लावण्यापुरते न वापरता गावाच्या स्थितीचा अहवाल देण्याचा आणि तो ऐकून घेतला जाण्याचा हक्क द्यावा. गावाला आपला आजारी माणूस कोणत्या घरात आहे हे पर्वरीच्या सचिवालयाच्या कितीतरी आधी कळते.

यातले काहीही केले नाही तरी पर्यटक येतील, कॅसिनोचे दिवे मांडवीत पडतील, निवडणुका होतील. राज्य चालल्यासारखे दिसेल. बांबोळीच्या आवारातील त्या टाकीकडे पाहून अधिकारी अभिमानाने 'आता सोय झाली' म्हणतील. आम्हांला मात्र ती टाकी पाहिली की तिच्या आधी येऊन गेलेला ट्रॅक्टर दिसतो, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले वॉर्डाच्या दाराशी ताटकळणारे नातेवाईक दिसतात. दार केव्हा उघडायचे हे ठरवणाऱ्यांनी पुढल्या वेळी निदान एकदा त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. त्यांनी तसे केले नाही, तर तो प्रश्न विचारण्याचे काम मतदारांचे आहे, आणि तो त्यांनी साथ येण्यापूर्वी विचारावा.